गोव्यात फिशिंग बोट घ्यायचीये? रेट विचारायच्या आधी हे वाचा

पुण्याच्या एका दादांनी विचारलंय की डिसेंबरमध्ये सहा जण गोव्याला येतायत, ते, बायको, फ्लोरिडाहून आलेला मेव्हणा, नऊ आणि बारा वर्षांची दोन पोरं आणि अडुसष्ट वर्षांचे वडील. फिशिंगला जायचंय. कळंगुटला एकाने माणशी १५०० सांगितले, दुसऱ्याने अख्खी बोट पाच तासांसाठी २८ हजार. एवढा फरक कसा, कोण लुटतंय, मासा नाही मिळाला तर पैसे परत मिळतात का, आणि मिळाला तर तो कोणाचा.

मी मूळचा पेडण्याचा, शापोऱ्याच्या जेटीवरून चौदा सीझन बोट चालवतोय, त्याआधी चुलत्याच्या बोटीवर खलाशी होतो. तर सरळ सांगतो, बहुतेक दोघांपैकी कोणीच लुटत नाहीये. गोव्यात ‘फिशिंग ट्रिप’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि तुमचा खरा प्रश्न रेटचा नाही, यातली कुठली तुम्हाला हवीये हा आहे.

माणशी १५०० वाली बोट म्हणजे मोठी लाकडी किंवा फायबरची डिझेल बोट, वीस-पंचवीस माणसं, आधी डॉल्फिन, मग ग्रांद आयलंडच्या आडोशाला नांगर, थोडं स्नॉर्कलिंग, भात-करी-बिअर, आणि मध्ये अर्धा-पाऊण तास हातात प्लास्टिकच्या रिळाला गुंडाळलेली दोरी, खाली शिसं आणि गरीला कोळंबीचा तुकडा. आमच्याकडे याला गरवणं म्हणतात, मी लहानपणी तेच करत मोठा झालो, त्यात कमीपणा काही नाही. वीतभर मासे लागतात, पोरं किंचाळतात, मजा येते. पण ते स्पोर्ट फिशिंग नव्हे. आणि २८ हजारवाली म्हणजे छोटी वेगवान बोट, दोन आउटबोर्ड इंजिनं, तांडेल म्हणजे बोट चालवणारा, एक मदतनीस, रॉड-रील, आणि पाचही तास फक्त तुम्ही. याला चार्टर म्हणायचं.

आता गंमत बघा. बावीस माणसं गुणिले १५०० म्हणजे ३३ हजार. म्हणजे मोठी बोट फेरीला तुमच्या ‘महाग’ बोटीपेक्षा जास्तच गोळा करते. स्वस्त वाटते कारण तुम्ही ती आणखी सोळा जणांबरोबर वाटून घेताय.

छोट्या बोटीचे पैसे जातात कुठे तेही सांगतो, कारण घासाघीस करताना लोकांना वाटतं की आम्ही हवेचे पैसे घेतो. ११५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला सुमारे चाळीस लिटर पेट्रोल पितं, आरामात वीस नॉटने चालवलं तर साधारण पंचवीस, आणि अशी दोन इंजिनं. पंधरा नॉटिकल मैलांवर जागा असेल, म्हणजे अठ्ठावीस किलोमीटर, तर जायला पाऊण तास यायला पाऊण तास, तिथेच पंचाहत्तर लिटर संपले, मग तीन-साडेतीन तास हळू ट्रोलिंग, म्हणजे मागे आमिष ओढत बोट चालवणं, त्यात आणखी पंचवीस-तीस. म्हणजे फेरीला शंभर लिटर, दहा हजाराच्या आसपास नुसतं पेट्रोल. वर मदतनीसाचा पगार, बर्फ, आमिष, हरवलेले ल्युअर म्हणजे नकली आमिषं (एका इसवणीने, म्हणजे सुरमईने, दोरी कापली की हजार रुपये दर्यार्पण), इंजिनची सर्व्हिस, विमा, आणि जून ते सप्टेंबर बोट पाण्याबाहेर उभी असते पण बँकेचा हप्ता पावसाळी सुट्टी घेत नाही. त्यामुळे कोणी तुम्हाला तीच बोट बारा हजारात देतोय म्हणाला तर आनंद व्हायच्या ऐवजी विचारा की नक्की किती लांब नेणार. तो किनाऱ्यापासून दोन मैलांवर गोल-गोल फिरवणार, पैसे पेट्रोलमध्ये वाचवणार, आणि तुम्हाला कळणारही नाही कारण पाणी सगळीकडे सारखंच दिसतं.

म्हणून मी नेहमी म्हणतो की चार्टरमध्ये तुम्ही मासा विकत घेत नाही, तुम्ही तास, पेट्रोल आणि तांडेलाचा निर्णय विकत घेता. मासा हवा असेल तर म्हापशाचा बाजार आहे की. मासा नाही मिळाला तर पैसे परत मिळत नाहीत, कुठेच नाही, आणि जो ‘गॅरंटी’ देतो त्याच्यापासून लांब राहा. चुलता म्हणायचा, दर्या आमच्या बापायचो न्हय. माझे स्वतःचे असे दिवस गेलेत की सकाळी सहा ते अकरा एक टोला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी दोन तासांत तीन इसवणी. क्लायंटला पहिल्या दिवशी मी चोर वाटतो, दुसऱ्या दिवशी देव, मी मात्र दोन्ही दिवस तेच केलेलं असतं.

तास म्हणजे किती हे मात्र आधी विचारून घ्या. पाच तास जेटी ते जेटी, की दोरी पाण्यात पडल्यापासून? बहुतेक सगळे जेटी ते जेटी धरतात आणि तेच बरोबर आहे, पण मग लांबची जागा निवडली तर गळ पाण्यात असण्याचा वेळ कमी होतो. तुमच्याबरोबर पोरं आहेत, त्यांना पाऊण तास आपटत जाण्यापेक्षा वीस मिनिटांवरच्या खडकांवर जास्त वेळ मिळालेला बरा.

अजून एक, ‘डीप सी फिशिंग’ हा शब्द. गोव्यासमोरचा समुद्र हळूहळू खोल होत जातो, पाच-सहा मैलांवर जेमतेम वीसेक मीटर पाणी असतं. समुद्राचा तळ खरोखर तुटून खोल जातो ती धार किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. अर्ध्या दिवसाच्या ट्रिपमध्ये तिथे कोणी नेत नाही, नेऊ शकत नाही. त्यामुळे बोर्डावर उड्या मारणाऱ्या मार्लिनचा, म्हणजे खोल समुद्रातल्या त्या मोठ्या माशाचा, फोटो असेल तर तो फोटो इंटरनेटवरचा आहे असं समजा. इथे अर्ध्या दिवसात खरं काय मिळू शकतं तर इसवण, बाराकुडा, क्वीनफिश, ट्रेवली, खडकावर गोब्रे (ग्रुपर) आणि तांबोशी, नशीब असेल तर मोडसो (कोबिया), आणि नदीत चोणक (बारामुंडी). हे काही कमी नाही हो, आठ किलोच्या इसवणीने पहिली धाव घेतली की रील कर्रर्र करून ओरडतं आणि भल्या-भल्यांचे हात थरथरतात.

सकाळ कशी जाते ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. साडेपाचला जेटी, अंधार असतो, ट्रॉलरवरून बर्फ आणि मासळीचा वास. आधी लाइफ जॅकेट, मग निघायचं. डिसेंबरात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, थंड आणि हलका, पाणी तेलासारखं सपाट. बाहेर पडल्यावर मी आधी बांगड्याचा थवा शोधतो, पिसं बांधलेल्या बारीक पाच-सहा गळांची दोरी खाली सोडायची, वर-खाली करायची आणि एकदम तीन-चार बांगडे फडफडत वर येतात. हे काम मी नेहमी पोरांना देतो. ते बांगडे जिवंत टाकीत. मग पाच-सात नॉटने ट्रोलिंग, मागे दोन-तीन ल्युअर, खडकाजवळ पोचलो की इंजिन बंद, जिवंत बांगडा गळाला किंवा मग जिगिंग, म्हणजे जड ल्युअर तळाशी सोडून झटके देत वर ओढायचा. मासा लागला की रॉड ज्याचा नंबर त्याच्या हातात. रॉड वर उचलायचा आणि खाली आणताना रील फिरवायचं, एवढंच करा. दोरी हाताने धरायची नाही, कितीही मोह झाला तरी. ब्रेडेड दोरी सुरीसारखी कापते. आणि ड्रॅगला, म्हणजे रीलच्या ब्रेकला, हात लावायचा नाही, तो मी दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर लावलेला असतो. लोक घाबरून आवळतात आणि मग सगळ्यात मोठा मासाच तुटतो. दहानंतर वारा फिरायला लागतो, दुपारी वायव्येचा खारा वारा चांगलाच भरतो आणि पाणी खवळतं, म्हणून आम्ही अकरा-साडेअकराला परत. दुपारी दोनची ‘फिशिंग’ स्वस्तात मिळत असेल तर कारण हेच.

परत यायची वेळ मी का पाळतो त्याची एक गोष्ट आहे आणि त्यात चूक माझीच आहे. तिसरा सीझन, उधाणाचे दिवस, पाहुण्यांना सकाळी काहीच लागलं नव्हतं आणि अकराला अचानक क्वीनफिशचा थवा वर आला, पाणी नुसतं उकळत होतं. पाहुणे म्हणाले अजून अर्धा तास, मी म्हटलं ठीक, त्या अर्ध्याचे दीड तास झाले. शापोऱ्याच्या मुखाशी वाळूचा बांध आहे, भरतीला काही कळत नाही, पण सुकतीला नदीचं पाणी बाहेर येतंय आणि समोरून लाट आत जातेय अशी तिथे जुंपते. आम्ही पोचलो तेव्हा सुकती अर्ध्यावर आलेली, मी वाट बघत बाहेर थांबायला हवं होतं, थांबलो नाही. प्रोपेलर वाळूला घासला, इंजिन बंद पडलं आणि मागून आलेल्या लाटेने बोट आडवी केली. कोणाला लागलं नाही. दोन रॉड गेले, एक पाहुणी इतकी घाबरली की जेटीवर उतरून रडत बसली. मी अर्धे पैसे परत दिले, त्यांनी मागितले नव्हते. तेव्हापासून मुखातून परत कधी शिरायचं ते निघायच्या आधी ठरतं, आणि मागे इसवणीचं लग्न लागलं असलं तरी मी फिरतो. पाहुणे चिडतात. चिडू देत. जो तांडेल तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकत नाही त्याच्या बोटीत पोरांना घेऊन बसू नका.

तांडेल चांगला की नाही हे फोनवरच कळतं, आणि ते त्याच्या उत्तरांवरून नाही तर त्याच्या प्रश्नांवरून. पोरं किती वर्षांची, वजन किती (लहान साइझची जॅकेटं काढून ठेवायला), कोणाला बोट लागते का, वडिलांना गुडघ्याचा किंवा हार्टचा त्रास आहे का, आधी कधी रॉड धरलाय का, मासा खायचाय की सोडायचाय. हे त्याने विचारलं नाही आणि थेट अ‍ॅडव्हान्सचा क्यूआर कोड पाठवला तर पुढचा नंबर लावा. तुम्ही विचारायचं ते एवढंच की बोटीची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडे प्रवासी बोट म्हणून आहे का आणि किती माणसांची परवानगी आहे. मासेमारीसाठी नोंदवलेली बोट वेगळी आणि पाहुणे न्यायची बोट वेगळी, ट्रॉलरवाला ओळखीचा आहे म्हणून त्याच्याबरोबर जाऊ नका, काही झालं तर विमावाला पहिला प्रश्न हाच विचारेल. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ आहे का तेही बघा, बाहेर मोबाइलच्या दांड्या जातात. कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबर फोनमध्ये ठेवा, पण खरा आधार रेडिओचं चॅनेल १६.

तुमचा मेव्हणा फ्लोरिडाचा आहे त्यामुळे तो तिकडचे नियम सांगेल. तिकडे छोट्या चार्टरवर पैसे देणारे सहाच पाहुणे चालतात, त्या लायसन्सला ते सिक्स-पॅकच म्हणतात, आणि मदतनीसाला पंधरा-वीस टक्के टिप हा जवळजवळ नियमच. इकडे टिपचा असा नियम नाही. मदतनीसाला खुशीने पाचशे-हजार दिले तर तो पुढच्या वेळी तुमचं नाव लक्षात ठेवतो, माझ्या हातात देऊ नका, त्याच्याच हातात द्या. माणसांचा आकडा मात्र मेव्हण्याचं ऐका. परवानगी आठची असली तरी रॉड घेऊन चारच्या वर माणसं उभी राहिली की दोऱ्या गुंततात आणि मासा सोडून गाठी सोडवण्यात सकाळ जाते. तुम्ही सहा आहात, त्यातले चार रॉडवर, बाकी बसून, आळीपाळीने.

मासा कोणाचा? हा प्रश्न निघायच्या आधी विचारलात हे फार चांगलं, कारण भांडणं यावरच होतात, तीही जेटीवर, सगळ्यांसमोर. बोटीगणिक पद्धत वेगळी. काही बोटी सगळा मासा पाहुण्यांना देतात, काही जेवणापुरता देऊन बाकी ठेवतात, काही जण रेट कमी लावतात आणि मासा बोटीचा असं ठरवतात. तिन्ही पद्धती चालतील, पण शब्द आधी व्हायला हवा. माझ्याकडे एक जेवणापुरता मासा पाहुण्यांचा, बाकी चांगल्या अवस्थेत असेल तर परत पाण्यात. चोणकाच्या बाबतीत मी हट्टी आहे. चोणक तरुणपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, त्यामुळे आठ-दहा किलोचा चोणक म्हणजे बहुतेक मादीच, अंड्यांनी भरणारी. फोटो काढा, पोटाखाली ओला हात धरून, आणि सोडा. दोन-तीन किलोचा ठेवा, चवीलाही तोच बरा. कासव किंवा देवमाशासारखा दिसणारा व्हेल शार्क दिसला तर लांबून बघायचं, आणि तो अजस्र गोब्रा, ज्याला जायंट ग्रुपर म्हणतात, तो २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, चुकून लागला तर दोरी कापायची. एलईडी दिवे लावून रात्री मासे ओढणाऱ्या बोटींना केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, आम्ही इथे एक-एक चोणक सोडतो आणि क्षितिजावर रात्री अजूनही दिवाळी दिसते, पण तो विषय काढला तर मी थांबणार नाही.

रद्द करायचं कसं तेही लिहून घ्या, साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरे. हवामानामुळे मी रद्द केलं तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख, तुमची मर्जी. तुम्ही आदल्या रात्री उशिरापर्यंत पार्टी करून सकाळी उठलाच नाहीत तर अ‍ॅडव्हान्स गेला. हवेचा निर्णय तांडेलाचा, तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या उन्हाचा नाही. मी आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा इशारा बघतो, मग पहाटे मुखावर जाऊन डोळ्याने बघतो, आणि दोन्हींत फरक पडला तर डोळ्यांचं ऐकतो. डिसेंबरात रद्द होण्याची वेळ क्वचित येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, त्या काळात ‘ऑफ सीझन डिस्काउंट’मध्ये समुद्रात नेतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करून निघा.

आता तुमच्या सहा जणांचं काय. मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यांना एकाच बोटीत कोंबलं नसतं. तुम्ही आणि मेव्हणा एक सकाळ समुद्रात जा, बारा वर्षांचा पोरगा हौशी असेल तर त्यालाही घ्या. उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी, डॉक्टरला विचारून, बोट हलायला लागल्यावर घेतली तर ती माशांच्याच पोटात जाते. आणि वडील, धाकटा आणि वहिनी यांच्यासाठी एक संध्याकाळ नदीत. शापोरा नदी किंवा मांडवीच्या आतल्या खाड्या, पाणी शांत, उलटीचा प्रश्न नाही, बोट लहान म्हणून पैसेही बरेच कमी. खाजन शेतीच्या, म्हणजे नदीकाठच्या खारजमिनीतल्या शेतीच्या, बांधाला जिथे मानस आहे, म्हणजे पाणी आत-बाहेर करायचं लाकडी दार, तिथे सुकती लागली की शेतातलं पाणी छोट्या माशा-कोळंबीसकट बाहेर पडतं आणि चोणक तोंडाशी येऊन उभा राहतो. मानशीतली मासळी लिलावाने दिलेली असते, त्यामुळे दाराला चिकटून नाही, जरा लांब, विचारून. माझ्या बोटीत गेल्या वर्षी बेळगावचे एक आजोबा असेच होते, दोन तास गप्प बसले, ल्युअर टाकायचा, ओढायचा, टाकायचा. सूर्य बुडताना टप्प करून आवाज आला, चोणक पाण्याबाहेर येऊन डोकं झटकतो ना तसं झटकलं आणि गळ सुटून ल्युअर थेट आजोबांच्या टोपीत. मासा गेला. आजोबा एवढे हसले की मला इंजिन चालू करायला दोनदा थांबावं लागलं.

नदीसाठी तारीख निवडताना पंचांग बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे कमी चढ-उताराची भरती. नदीत मला संध्याकाळी चारच्या सुमारास सुकती लागणारा दिवस आवडतो. समुद्रात खडकावर मासे धरायचे असतील तर अगदी उधाणाचा दिवस टाळा, ओढ इतकी असते की शिसं तळाला टिकत नाही. २० डिसेंबरनंतर चांगल्या बोटी आधीच गेलेल्या असतात, तेव्हा जमलं तर पहिल्या पंधरवड्यात या.

फोन दुपारी चारनंतर करा. सकाळी आम्ही बाहेर असतो, रेंज नसते, दुपारी बोट धुऊन झोपलेलो असतो. सकाळी आठला पहिल्या रिंगला जो फोन उचलतो तो बहुतेक एजंट असतो, त्याला विचारा की बोटीवर स्वतः कोण येणार, आणि त्या माणसाशी बोलायला मागा.